सफरचंदाच्या खोक्यातले भाडेकरू

टिमरू, न्यूझीलंड, १४ जानेवारी

प्रिय श्री. मर्विन स्ट्रॅकन,

मी तुमचं ओआमारूचं घर विकत घेणारी बाई, रोवीना टेट. म्हणजे अजून घेतलेलं नाही, त्यामुळे हे वाक्य जरा घाईचंच झालं. परवा संध्याकाळी तुम्ही माझ्या ऑफरवर सही केलीत आणि एजंट कोलीनने फोनवर ओरडून सांगितलं, "मिळालं गं बाई!" तेव्हा मी दुकानात कांदे निवडत होते. पिशवी तिथेच टाकून रस्त्यावर आले. मग लाज वाटली, परत जाऊन कांदे जागेवर ठेवले.

कोलीन म्हणते, विकणाऱ्याला थेट पत्र लिहू नये, बोलायचं ते तिच्यामार्फत किंवा वकिलांमार्फत. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असंही तीच म्हणाली. शिवाय माझं म्हणणं तीन तोंडांतून फिरून तुमच्यापर्यंत पोचलं, तर त्यात माझं काय उरेल?

करारात लिहिल्याप्रमाणे २९ जानेवारीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत घराची तपासणी, बँक आणि विमा उरकून मला 'पक्कं' म्हणायचं आहे. तोवर मी मागे फिरू शकते, तुम्ही नाही. हा नियम मला जरा एकतर्फी वाटतो. सगळं जमलं तर २६ फेब्रुवारीला चावी.

मी एकवीस वर्षांत सात भाड्याच्या घरांत राहिले. भिंतीत खिळा मारायचा तरी परवानगी काढायची. आताचे मालक फेब्रुवारीअखेर जागा रिकामी मागताहेत आणि माझी नवी नोकरी तुमच्या गावच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे. तेव्हा मला हे घर किती हवंय हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. खरेदीत असं बोलायचं नसतं म्हणे.

आणखी एक गोष्टही लपवणं बरं नाही. माझ्याकडे कुत्रा आहे. जात हंटअवे, नाव सार्जंट. माझ्या भावाच्या फार्मवर त्याने दहा वर्षं मेंढ्या हाकल्या. त्याच्या एका भुंकण्यासरशी चारशे मेंढ्या डोंगर उतरायच्या. समुद्राकडचं कुंपण धड आहे ना?

आपली,
रोवीना टेट


ओआमारू, १७ जानेवारी

जॅनिस,

घोटाळा झालाय. बाईकडे कुत्रा आहे! साधासुधा नाही, मेंढ्या हाकणारा, आणि नाव काय तर सार्जंट.

मी तिला घर का दिलं, तुला ठाऊकच आहे. बाकीचे लोक कपाटं उघडून, नळ सोडून, भिंती ठोकून बघत होते. ही मागच्या पायरीवर बसली आणि दहा मिनिटं नुसती बंदराकडे बघत राहिली. म्हटलं, हिला खालच्या मंडळींचा त्रास व्हायचा नाही. तेव्हा कुत्रा गाडीत होता, हे मला काय माहीत?

तुझ्या आईने मागच्या खोलीच्या लाकडी फरशीखालच्या पोकळीत सफरचंदाचं खोकं ठेवलं त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यात दरवर्षी मॅकफी नवरा-बायको येऊन राहतात. यंदाची पिल्लं मोठी होऊन गेली. आता दोघंही समुद्रावर खाऊन-खाऊन फुगत असतील. फेब्रुवारीत पिसं गाळायला वर येतील, आणि तू पाहिलंयस, त्या अडीच-तीन आठवड्यांत पेंग्विनला पाण्यात जाताच येत नाही. गपगुमान बसून राहतो. म्हणजे नेमकी चावी द्यायच्या दिवशी ती दोघं फरशीखाली असणार आणि वर सार्जंट!

वकिलाकडे जाऊन आलो. म्हटलं, मला हे मोडायचंय. तो म्हणाला, "मर्विन, तू सही केलीयस. मागे फिरायचं तर तिने फिरायचं." मग मी घरी येताना विचार केला आणि मला वाट सापडली. मी तिला घराचे सगळे दोष कळवतो. खोटं काही लिहायचं नाही, नुसतं सगळं लिहायचं. शहाणी असेल तर पळेल.

तुझा बाबा


ओआमारू, १८ जानेवारी

श्रीमती टेट यांस,

कुंपण धड नाही. आता विचारलंच आहे, तर बाकीचंही ऐका.

दक्षिणेचा वारा सुटला की शेगडीचा धूर खोलीत येतो. न्हाणीघराची खिडकी माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हापासून पुरती लागत नाही, आणि ती आता पन्नाशीला आलीय. गरम पाण्याचा पाइप माणसासारखा कण्हतो. खारी हवा गाडी खाते. शेजारचा इयन दर रविवारी सकाळी बॅगपाइप वाजवतो. तेवीस वर्षं वाजवतोय, अजून जमलेला नाही.

मागच्या खोलीत झोपू नये. तिथे आवाज येतात आणि उन्हाळ्यात वासही येतो. माझी बायको ग्वेन म्हणायची, या घरात राहायचं तर नाक आणि कान गेटबाहेर टांगून यावं.

मी चुनखडीच्या खाणीत चाळीस वर्षं काम केलं. घरं कशी असावीत हे मला कळतं. तुमच्या जागी मी असतो तर पुन्हा विचार केला असता.

मर्विन स्ट्रॅकन


टिमरू, २१ जानेवारी

प्रिय श्री. स्ट्रॅकन,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी आलं, हे लिहू की नको असा बराच वेळ विचार करत होते. लिहिलं.

मी गेल्या वर्षभरात सोळा घरं पाहिली. प्रत्येक घर 'उबदार', 'हसरं' आणि 'भरपूर शक्यता असलेलं' होतं. एका घराच्या छपरातून आकाश दिसत होतं, तर एजंट म्हणाला, "नैसर्गिक उजेड." आणि तुम्ही एक अनोळखी बाई फसू नये म्हणून आपल्याच घराचे दोष हाताने लिहून पाठवता! इतका सरळ माणूस ज्या घरात एवढी वर्षं राहिला, ते घर वाईट कसं असेल?

धुराची मला सवय आहे. खिडकी लागत नसली तर मी तशीही ती उघडीच ठेवते. पाइप कण्हतो हे वाचून बरं वाटलं. एकट्या माणसाला घरात दुसरा आवाज हवासा वाटतो. आणि इयनच्या बॅगपाइपचं म्हणाल, तर रविवारी सकाळी मी सार्जंटला घेऊन समुद्रावर जाईन. त्याला समुद्रपक्षी फार आवडतात.

शनिवारी तपासनीस येईल. तुमच्या यादीनंतर त्याला सांगण्यासारखं काही उरेल असं वाटत नाही.

कृतज्ञतापूर्वक,
रोवीना


नेल्सन, २२ जानेवारी

बाबा,

तुमचं पत्र मी जेवताना वाचलं आणि तुमच्या जावयाला माझ्या पाठीत चार धपके घालावे लागले, इतका ठसका लागला. घराला नावं ठेवून गिऱ्हाईक पळवणारा न्यूझीलंडमधला पहिला माणूस माझ्या नशिबी आला!

वीस जानेवारीला फोन केला तर तुम्ही "हॅलो, हॅलो" करून ठेवून दिलात. श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतलं होतं का? म्हणून लिहितेय. तुमच्या खोलीला रंग देऊन झालाय. खिडकीतून समुद्र दिसतो. मागच्या हिवाळ्यात तुम्ही त्या पायऱ्यांवरून घसरलात आणि दोन तास तिथेच पडून होतात. इयन दूध द्यायला आला नसता तर? यंदाचा हिवाळा तुम्ही एकट्याने तिथे काढायचा नाही, पेंग्विन असोत नाहीतर हत्ती.

आणि त्या बाईला सरळ विचारा ना! "बाई गं, तुझा कुत्रा पक्षी मारतो का?" एवढंच तर वाक्य आहे. आई असती तर पहिल्याच पत्रात विचारून मोकळी झाली असती, वर चीझ रोलही पाठवले असते.

जॅनिस


टिमरू, २५ जानेवारी

प्रिय श्री. स्ट्रॅकन,

तपासणीचा अहवाल आज आला. छप्पर चांगलं, तारा बदललेल्या, पाया भक्कम. आणि मग हे: 'मागील खोलीखालील पोकळीत जाण्याचा दरवाजा रचलेल्या लाकडांमुळे बंद. तीव्र दुर्गंधी. सांडपाण्याचा पाइप फुटला असण्याची शक्यता. खात्री होईपर्यंत व्यवहार पक्का करू नये.'

तपासनीस फोनवर म्हणाला, "लाकडं नुकतीच रचलेली वाटली हो. खाली ताजी साल पडलेली होती." हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. विमा कंपनीला हा अहवाल गेल्याशिवाय ती होय म्हणणार नाही आणि विम्याशिवाय बँक हलणार नाही. शुक्रवारला चार दिवस उरलेत.

तुम्ही वासाबद्दल आधीच कळवलं होतंत, हे खरं. मग लाकडं कशाला? लपवणारा माणूस सांगत नाही आणि सांगणारा लपवत नाही. तुम्ही दोन्ही केलंत. मी तुमच्या पत्रातून मला हवा तेवढाच माणूस वाचला का? ही सवय मला आहे.

कोलीन म्हणाली, "घाबरतेस काय? वास म्हणजे किमतीतून दहा हजार कमी. आजच पत्र टाक." मी तसं पत्र लिहिलंही. ते माझ्या टेबलावर आहे. ते पाठवलं तर मी तुमच्या घराच्या वासाला भाव लावला असं होईल. नाही पाठवलं तर मी मूर्ख ठरेन. मला दोन्ही नकोय.

म्हणून सरळ विचारते. घराखाली काय आहे? तुम्ही जे लिहाल त्यावर मी विश्वास ठेवीन. हे मी तुम्हाला बांधून घालण्यासाठी लिहीत नाही. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहिते.

रोवीना टेट


ओआमारू, २७ जानेवारी

रोवीना,

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र कोलीनच्या हाती देतोय. उद्या ती टिमरूला येणार आहे. पाकिटाला तिन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलीय, कारण कोलीन ही कोलीन आहे.

काल तुमचं पत्र आलं आणि मला दिसलं की माझं काम झालंय. नुसतं लिहायचं, 'होय, पाइप फुटलाय.' तुम्ही मागे फिरला असतात आणि माझ्या मनासारखं झालं असतं. मी कागद घेतला. 'होय' एवढा शब्द लिहिला. मग तुमचं ते विश्वासाचं वाक्य परत दिसलं. बाई, असं वाक्य माणसाला लिहू नये. जेवण गेलं नाही मला.

पाइप शाबूत आहे. घराखाली पेंग्विन राहतात.

निळे, छोटे, एक जोडपं. ग्वेनने त्यांचं नाव मॅकफी ठेवलं, कारण तिच्या ओळखीचं एक मॅकफी जोडपं असंच दारात उभं राहून भांडायचं. फ्लॅक्सच्या झुडपामागे एक फट आहे, तिथून आत येतात. वास त्यांच्या मासळीचा. आवाज त्यांचा. लाकडं मी रचली, तपासनिसाने खोकं हलवू नये म्हणून.

आणि दोषांची ती यादी मी तुमच्या भल्यासाठी लिहिली नव्हती. तुम्ही पळावं म्हणून लिहिली होती. सार्जंटमुळे. ग्वेन गेली त्या वर्षी मी महिनाभर कुणाशी बोललो नाही. मग एका संध्याकाळी खालून मॅकफी बाई नवऱ्यावर ओरडायला लागली आणि मी फरशीवर पाय आपटून म्हणालो, "अगं, त्याला जरा बोलू दे!" तो माझा महिन्यातला पहिला शब्द. अशा माणसांना मी कुत्र्याच्या तोंडी देऊन नेल्सनला कसा जाऊ?

तुम्ही मला सरळ माणूस म्हणालात. मी चार दिवस तो मान फुकटचा मिरवला. आता परत करतो.

तपासनिसाला आज बोलावलंय. दार उघडून देतो.

मर्विन


टिमरू, २९ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळचे सहा

प्रिय मर्विन,

पक्कं.

चार वाजून चाळीस मिनिटांनी वकिलाला फोन केला. ती म्हणाली, "तुमचा आवाज थरथरतोय. नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की. माझा आवाज असाच आहे."

तपासनिसाने सुधारलेला अहवाल पाठवला. 'पाइप सुस्थितीत. दुर्गंधीचं कारण: भाडेकरू. त्यांना हलवणं कायद्याने गुन्हा. शिफारस: खिडकी उघडी ठेवावी.' विमा कंपनीतल्या मुलीने हा परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला, मग तिच्या शेजारणीला वाचून दाखवला, आणि मग होकार दिला.

आता सार्जंटबद्दल. मी तुम्हाला खोटं काही लिहिलं नव्हतं, पण मीही खरं अर्धंच सांगितलं. तो दहा वर्षं मेंढ्या हाकत होता, आणि ती दहा वर्षं संपूनही चार वर्षं झाली. आता तो पंधरा वर्षांचा आहे. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने थोडं दिसतं. वरचे दात गेलेत. समुद्रपक्षी आवडतात म्हणजे तो वाळूत पडून त्यांचे आवाज ऐकतो. मी त्याचं जुनं वैभव का लिहिलं? बहुधा त्याच्यासाठी. म्हाताऱ्याची ओळख करून देताना आपण त्याचे तरुणपणचे पराक्रमच सांगतो.

तरी माझं समाधान होईना, म्हणून दुपारी तीनला पशुवैद्याकडे घेऊन गेले. "हा पेंग्विन मारील का?" तो म्हणाला, "रोवीना, याला समोर ठेवलेलं जेवण सापडत नाही."

पण कुत्र्याच्या वतीने शपथ मी घेऊ शकत नाही. म्हणून विनंती करते. चावी मिळेपर्यंत त्या आवारात पाऊल टाकायचा मला हक्क नाही, पण तुमची परवानगी असेल तर येत्या सातला, रविवारी, मी जाळी आणि खांब घेऊन येते. फ्लॅक्सपासून फटीपर्यंत मॅकफींचा रस्ता वेगळा काढू. भलताच दिवस निवडला म्हणाल. बॅगपाइपची तयारी ठेवूनच येईन.

तुमच्या सरळपणाबद्दल मी लिहिलं होतं ते परत घेत नाही. फक्त ते आठवडाभर आधी लिहिलं गेलं.

दहा हजारांचं पत्र शेगडीत गेलं. तीन दिवस ते टेबलावर होतं, हे मात्र खरं.

रोवीना


ओआमारू, २४ फेब्रुवारी

जॅनिस,

परवा तू न्यायला येशीलच आणि हे पत्र बहुधा त्यानंतरच पोचेल, पण लिहिल्याशिवाय परवापर्यंत दम निघणार नाही.

कुंपण घातल्याचं कळवलं होतंच. बाई खांब सरळ आहे का हे प्रत्येक वेळी ओळंब्याने बघते. मी म्हटलं, "अगं, पेंग्विन काही तक्रार करणार नाहीत." तर म्हणते, "मला दिसेल ना रोज." इयनने बॅगपाइप वाजवला. तिने हातोडा खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. तेवीस वर्षांत त्याला पहिल्यांदा टाळी मिळाली! बिचारा परत सुरू झाला.

आज चावीआधीची पाहणी होती. दिवे लागतात का, नळ चालतात का, करारात लिहिलेले पडदे अन् शेगडी जागेवर आहेत का, ते बघायची. कोलीन यादी घेऊन आली, रोवीना कुत्रा घेऊन आली. मॅकफी नवरा बारा तारखेपासून खोक्यात आहे. पिसं निम्मी गळलीत, फाटलेल्या उशीसारखा दिसतो, त्यामुळे तापट झालाय.

सार्जंट वास घेत-घेत मागच्या खोलीत गेला. फरशीला नाक लावलं. मी दार धरून उभा. खालून मॅकफी असा काही खेकसला की काय सांगू! जॅनिस, तो आडदांड कुत्रा उलटा फिरला, कोलीनच्या दोन पायांमधून घुसला, ती यादीसकट खाली बसली, आणि हा थेट गाडीत जाऊन सीटखाली.

कोलीन तिथूनच म्हणाली, "नळ चालतात. पडदे आहेत. कुत्रा चालत नाही. आणखी काही बघायचंय?"

आम्ही तिघं इतके हसलो की मला पायरीवर बसावं लागलं. मग रोवीना शेजारी बसली आणि तिने हळूच विचारलं, "आणि मिसेस मॅकफी?"

तीच तर काळजी आहे. ती अजून आलेली नाही. दरवर्षी आठवडाभराच्या अंतराने दोघं येतात. आज बारा दिवस झाले. धुण्याच्या खोलीच्या दाराआड तुझ्या आईने पेन्सिलीने त्यांच्या येण्याच्या तारखा लिहायला सुरुवात केली होती, तिच्यानंतर मी लिहितो. यंदाच्या ओळीत एकच तारीख आहे. बाई समुद्रावर गेली ती गेलीच असेल, तर ते मला इथून निघायच्या आत कळावं असं वाटतं. आणि कळू नये असंही वाटतं.

वकिलाला म्हटलं, करारातल्या सामानाच्या यादीत पेंग्विन घालता येतील का? तो म्हणाला, "जे तुझं नाही ते तू विकणार कसं?" बरोबर आहे त्याचं.

पेन्सिल दाराला सुतळीने बांधून ठेवली आहे.

तुझा बाबा


ओआमारू, २ मार्च

प्रिय मर्विन,

शुक्रवारी सकाळी तुम्ही आणि जॅनिस निघालात, तेव्हा मी रस्त्याच्या टोकाला गाडीत होते. हात हलवायला पुढे आले नाही. घर तोपर्यंत तुमचं होतं.

मग वकिलांच्या फोनची वाट. पैसे या बँकेतून त्या बँकेत पोचल्याशिवाय चावी देता येत नाही, म्हणून कोलीन मुठीत चावी घेऊन मागच्या पायरीवर आणि मी तिच्या शेजारी. दीड तास. तिला म्हटलं, "नुसती हातात तरी दे." म्हणाली, "नियम म्हणजे नियम. फार तर वास घे." एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तिने चावी दिली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "जा, खिळा मार कुठेतरी!"

मी मारला. शेगडीच्या वर. टांगायला अजून काही नाही. नुसता खिळा बघत जेवले.

ओट्यावर तुम्ही ठेवलेले चीझ रोल मिळाले. जॅनिसने सांगितलं असेल, नाहीतर तुम्हाला सुचलं नसतं.

शनिवार, रविवार, सोमवार, मी रोज संध्याकाळी पायरीवर बसले. मिस्टर मॅकफी खाली कुरकुरत होते. कोणी आलं नाही. सोमवारी मी तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, ते वेगळं होतं. ते कसं लिहावं हे मला कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर थोडं खोटं लिहावं असंही मनात आलं होतं. 'आली' म्हणून कळवलं तर नेल्सनमध्ये कुणाला कळणार होतं? इतक्या दिवसांचा सरळपणा माझ्यात किती खोल आहे, ते मला त्या कागदावर दिसलं. कागद बाजूला ठेवला.

आज सूर्य बुडता बुडता सार्जंट पायरीवर माझ्या पायांशी झोपला होता. त्याने मान वर केली. ऐकायला त्याला अजून येतं. मग तो उठला आणि शहाण्यासारखा आत जाऊन टेबलाखाली बसला. मी फ्लॅक्सकडे पाहिलं. कुंपणाच्या सरळ रेषेतून एक गोल, जाडजूड, ओली बाई डुलत-डुलत आली. इतकी खाऊन आली होती की फटीत अडकली. दोनदा मागे सरली, तिसऱ्यांदा श्वास सोडून आत शिरली.

आणि मग फरशीखाली जे भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे. मी पाय आपटून सांगितलं, "अगं, त्याला जरा बोलू दे!" तिने ऐकलं नाही.

पत्र सुरू करण्याआधी धुण्याच्या खोलीत गेले. तुमच्या ओळीत तुमच्या तारखेशेजारी आजची तारीख लिहिली. आधी विचारायला हवं होतं का, असं एकदा मनात आलं. मग आठवलं की आता विचारायचं कुणाला नाही.

अक्षर बारीक काढलंय. दारावर खाली अजून पुष्कळ जागा आहे.

तुमची,
रोवीना